विश्लेषण : नांगर मोडला तर जबाबदारी कोणाची? ‘लाइफटाइम वॉरंटी’च्या कितीतरी आधीची लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट

लोखंडी नांगर तयार झाला, पण पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. शेतकरी अडाणी होते म्हणून, की त्यांचा प्रश्नच वेगळा होता? औजाराच्या टिकाऊपणाबद्दल आणि वॉरंटीबद्दल लक्ष्मणरावांच्या आयुष्यातून आज काय कळते?

मृग आठ-पंधरा दिवसांवर आला की मुखेडमध्ये औजारांच्या दुरुस्तीची घाई सुरू होते. वेल्डिंगच्या दुकानांपुढे पलटी नांगराचे झिजलेले फाळ, वखराच्या पासा, वाकलेली कोळपी यांचा ढीग लागतो. कोणाला टोक जोडून हवे असते, कोणाला धार. अशाच घाईत गेल्या वर्षी आमच्या घरी नांगराचे बोल्ट खोलण्यासाठी पान्यांचा एक सेट ऑनलाइन मागवला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘लाइफटाइम वॉरंटी’. तिसऱ्याच बोल्टला त्यातला रॅचेट तुटला.

बदली मागितली तर तीन प्रश्न आले. बिल आहे का? पहिले खरेदीदार तुम्हीच का? आणि पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर दिला होता का? बिलाचा कागद थर्मल होता, त्यावरची अक्षरे उडून गेली होती. पाइप तर लावलाच होता. गंजलेला बोल्ट खोलताना मुखेडमध्ये तो कोण लावत नाही? बदली काही मिळाली नाही.

हा किस्सा लहान आहे, पण त्यातला प्रश्न जुना आहे. औजार मोडले तर नुकसान कोणी सोसायचे, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने? सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासमोर देशी कारखान्यात बनलेले औजार आले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला होता. ते औजार आणणाऱ्या माणसाचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

कोण होते लक्ष्मणराव?

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे जनक म्हणून ओळखले जाणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. त्यामुळे अनेकदा दोन नावांत गल्लत होते. अण्णासाहेबांनी १८८०मध्ये संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले, तेव्हा लक्ष्मणराव अकरा वर्षांचे होते.

शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. दोनच गोष्टींची आवड होती : चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाला पाठबळ दिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. तिथे काही काळाने लक्षात आले की त्यांना काही रंगांमधला फरक नीट कळत नाही. रंगांधळेपणाचा हा दोष चित्रकाराच्या वाटेत मोठाच अडथळा होता.

रंग सुटले, पण रेघ सुटली नाही. त्यांनी यांत्रिक रेखाटन शिकून घेतले. यंत्राच्या आराखड्यात रंग लागत नाही. लागते ते माप आणि नजर. या जोरावर त्यांना मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, सहायक शिक्षकाची नोकरी मिळाली. शिकवता शिकवता ते स्वतः यंत्रे शिकले. पुस्तके वाचली, कार्यशाळेत हात काळे केले. इंजिनीअरिंगची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

नोकरी का सोडली?

बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले.

तिथे दोघा भावांचे सायकलचे दुकान होते. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ या वर्षापासून मोजतो, ती या दुकानापासून. तेव्हा सायकल परदेशातून यायची आणि ती चैनीची वस्तू होती. रामूअण्णा सायकली विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. म्हणजे या घराण्याचा पहिला व्यवसायच असा होता, ज्यात वस्तू हातात दिल्यावर विकणाऱ्याचे काम संपत नव्हते.

पुढे लक्ष्मणरावांनी छोटी कार्यशाळा काढली. शेतकऱ्यासाठी बनवलेली त्यांची पहिली वस्तू नांगर नव्हती, तर कडबा कापण्याचे यंत्र होते. ज्वारीचा लांब कडबा जनावरापुढे तसाच टाकला तर बराचसा पायाखाली जातो. कापून टाकला तर वाया जात नाही. मुखेड-कंधारकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. आजही आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या कडबाकुट्टीची ही जुनी पिढी.

लोखंडी नांगरात नवीन काय होते?

१९०३च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला. त्याआधी विलायती लोखंडी नांगर इथे येत होते, पण ते महाग होते. गावोगाव चालणारा नांगर लाकडी होता. बाभळीसारख्या कठीण लाकडाचे खोड, त्याला हाळीस, रुमणे आणि पुढे लोखंडी फाळ. तो जमीन चिरतो, पण माती उलटी करत नाही. काळ्या जमिनीत हरळी, कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगराने ती पूर्ण निघत नाहीत.

लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पंखा असतो. फाळ मातीचा थर कापतो आणि पंखा तो उचलून पालथा टाकतो. तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काम खोल आणि चांगले होते. मात्र हा नांगर जड. कठीण जमिनीत त्याला दोन-दोन, तीन-तीन बैलजोड्या लागायच्या. म्हणजे ज्याच्याकडे बैल कमी, त्याला तो एकट्याने परवडणारा नव्हता.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे का लागली?

नांगर तयार होऊन पडून राहिले. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना तब्बल दोन वर्षे लागली. याचे नेहमी सांगितले जाणारे कारण असे : लोखंडाने जमिनीत विष भिनते आणि जमीन नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

ही समजूत फक्त आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनीही तेच म्हटले, की लोखंडाने माती नासते आणि तण वाढते. न्यूबोल्डच्या नांगरात आणखी एक अडचण होती. तो बहुतांश एकाच ओतकामात केलेला होता. एक भाग मोडला की सगळा नांगर निकामी.

दोन वेगळ्या देशांत, शंभर वर्षांच्या अंतराने, शेतकरी एकच शंका घेतो. तेव्हा तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येत नाही. विषाची गोष्ट चुकीची होती, हे खरे. पण तिच्या मागे एक व्यवहारी भीती असावी, असे मानायला जागा आहे. ती भीती समजून घ्यायची तर बलुतेदारीकडे पाहावे लागते.

बलुते : गावाची जुनी वॉरंटी

लाकडी नांगराचे खोड चिरले तर शेतकरी सुताराकडे जायचा. फाळ बोथट झाला तर लोहाराकडे. प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे नसायचे. वर्षभराच्या कामाचा मोबदला म्हणून खळ्यावर धान्य मोजून दिले जायचे, तेच बलुते. आजच्या भाषेत सांगायचे तर हा वार्षिक देखभाल करार होता. बिल जपून ठेवायची गरज नाही, पहिला खरेदीदार कोण हे विचारणारे कोणी नाही आणि दुरुस्ती करणारा हाकेच्या अंतरावर.

या व्यवस्थेत सगळे गोड होते असे नाही. सुतार-लोहारांना मिळणारे धान्य पिकावर आणि गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असे आणि काम जातीने ठरलेले असे. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याला एक खात्री होती. नांगर मोडला तरी पेरणी चुकणार नाही.

लोखंडी नांगर घेताना शेतकऱ्याला ही खात्री सोडावी लागत होती. नांगर बनवणारा बेळगावात, शेत शंभर मैलांवर. शेतकऱ्याचे सगळे वर्ष पावसाच्या आठ दिवसांवर उभे असते. त्या आठ दिवसांत फाळ तुटला तर काय, या प्रश्नाला उत्तर नसेल, तर नांगर कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

बिडाचा फाळ लोहाराला का जमत नाही?

इथे थोडे धातुशास्त्र समजून घेऊ. जुन्या फाळाचे लोखंड घडीव असायचे. त्यात कार्बन अगदी कमी, ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. असे लोखंड तापवले की मऊ होते आणि हातोड्याने हवे तसे वळते. म्हणून लोहार झिजलेल्या फाळाला भट्टीत घालून पुन्हा टोक काढू शकतो.

ओतीव लोखंड, म्हणजे बीड, वेगळे. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के. ते वितळवून साच्यात ओतायला सोपे, घासून झिजायला अवघड. पण ठिसूळ. तापवून ठोकले तर वळत नाही, तडकते. म्हणजे बिडाचा फाळ जास्त दिवस टिकतो, पण मोडला की गावच्या भट्टीत दुरुस्त होत नाही. नवा फाळच लागतो.

यावरचा उपाय इंग्लंडमध्ये आधीच निघाला होता. इप्स्विचच्या रॉबर्ट रॅन्सम याने १८०३मध्ये बिडाच्या फाळाचे एक पेटंट घेतले. फाळ ओतताना त्याची खालची बाजू झटकन थंड करायची. त्यामुळे ती बाजू फार कठीण होते आणि वरची बाजू तुलनेने मऊ राहते. शेतात चालताना वरची बाजू आधी झिजते आणि खालची कठीण कड पुढे उरते. फाळाला आपोआप धार येत राहते. १८०८मध्ये त्याने सुटे भाग बदलता येतील अशा नांगराचेही पेटंट घेतले.

ही दुसरी कल्पना जास्त महत्त्वाची. जो भाग झिजणारच आहे, तो वेगळा करा, स्वस्त ठेवा आणि बोल्ट काढून बदलता येईल असा करा. मग फाळ झिजला तरी नांगर मरत नाही. कारखान्याच्या नांगराचे आयुष्य त्यामुळे दोन गोष्टींवर ठरू लागले : लोखंडाची प्रत आणि सुट्या भागांचा पुरवठा. पहिली गोष्ट ओतशाळेत साधता येते. दुसरीसाठी कारखाना टिकून राहावा लागतो. आणि नेमके तेच लक्ष्मणरावांच्या बाबतीत धोक्यात आले.

बेळगाव का सोडावे लागले?

नांगराला हळूहळू गिऱ्हाईक मिळू लागले होते. तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी जागा रिकामी करण्याचा आदेश दिला. लक्ष्मणरावांचा कारखाना त्याच जागेवर होता. भट्टी, यंत्रे, कामगार हे सगळे घेऊन जायचे कुठे, हा प्रश्न होता.

मदत आली ती औंध संस्थानातून. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते; सूर्यनमस्काराचा प्रसार आणि औंधचे संग्रहालय यांसाठी ते आजही ओळखले जातात. लक्ष्मणरावांची आणि त्यांची आधीपासून ओळख होती. चित्रकार होता होता राहिलेल्या कारखानदाराला एका चित्रकार राजाने हात दिला. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी उसने दिले.

जमीन म्हणजे उजाड माळ. निवडुंग माजलेला, पाण्याची टंचाई, नागसापांचा वावर. १९१०मध्ये लक्ष्मणराव २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन तिथे उतरले. हीच आजची किर्लोस्करवाडी, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

माळावर गाव कसे उभे राहिले?

लक्ष्मणरावांनी परदेशातल्या कारखान्यांच्या वसाहतींबद्दल वाचले होते. कामगाराला नुसता पगार नको, घर, पाणी, शाळा हवी, असे त्यांना वाटे. किर्लोस्करवाडी त्या विचाराने उभी राहिली. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी ती एक.

त्यांनी जमवलेली माणसे पाहिली की त्यांची पारख कळते. रामूअण्णा वसाहतीची आखणी आणि कारभार पाहायचे. शंभूराव जांभेकर यंत्रांचे काम पाहायचे. मंगेशराव रेगे कारकुनी, कोठार आणि हिशेब सांभाळायचे. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, पण कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. आणि राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही एकेकाळचे दरोडेखोर. लक्ष्मणरावांनी त्यांच्यावर विश्वास टाकला आणि तेही विश्वासाला जागले.

वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियम लक्ष्मणरावांनी केला. १९१०च्या दशकात ही सोपी गोष्ट नव्हती. त्यावर टीकाही झाली. नियम मात्र राहिला.

महायुद्धात नांगर कसे ओतले?

१९१४ला पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल येणे आटले. यामुळे देशी नांगराला मागणी वाढली, पण तो बनवायला लागणारे लोखंड आणि कोळसा मिळेना. कारखाना बंद ठेवला असता तर नवे नांगर तर थांबले असतेच, आधी विकलेल्या नांगरांचे फाळही मिळाले नसते. भट्टीसाठी दगडी कोळशाऐवजी लाकडाचा आधार घ्यावा लागला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या, निकामी तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या, ही गोष्ट कोल्हापूर-सांगलीकडे आजही सांगितली जाते.

युद्धानंतर, १९२०मध्ये, किर्लोस्कर बंधूंची कंपनी मर्यादित भागधारकांची कंपनी म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू झाले. त्याचे संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवणे हा सुरुवातीचा हेतू होता. पुढे त्यातूनच ‘किर्लोस्कर’ मासिक वाढले आणि ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही भावंडे आली. मराठी वाचकाला वैचारिक मासिके म्हणून माहीत असलेल्या या परंपरेचे मूळ नांगराच्या माहितीपत्रकात आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. गावचा लोहार ओळखीचा असतो. शंभर मैलांवरचा कारखाना ओळखीचा कसा होणार? किर्लोस्करांकडे त्यासाठी तीन साधने होती. रेल्वे स्थानकालगतचा कारखाना, ज्यातून जड माल दूर जाऊ शकत होता. बंद न पडणारी ओतशाळा. आणि घरोघरी पोहोचणारे छापील पान. बलुत्याने जी खात्री दिली होती, ती कारखान्याने अशा वेगळ्या मार्गांनी उभी केली, असे म्हणता येते.

नांगरानंतर काय?

नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप असे एकेक उत्पादन वाढत गेले. साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यातूनही लोखंडी नांगर निघू लागले. स्पर्धा आली, म्हणजे बाजार तयार झाला होता. ज्या नांगराचा पहिला नग विकायला दोन वर्षे लागली, त्याच्यासाठी आता दोन कारखाने झटत होते.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनीअरिंग शिकून आले. पुढच्या काळात हरिहर, बंगळूर, पुणे अशा ठिकाणी उद्योग उभे राहिले आणि यंत्रसामग्री, विजेच्या मोटारी, डिझेल इंजिने बनू लागली. मराठवाड्यात किर्लोस्कर म्हटले की अनेकांना आठवते ते विहिरीवरचे इंजिन, ते याच विस्तारातले. १९३०च्या दशकात लक्ष्मणराव काही काळ औंध संस्थानाचे दिवाणही होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

मुखेडशी याचा संबंध काय?

लक्ष्मणराव नांगर विकत होते त्या काळात मुखेड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ते स्वतंत्र भारतात आले सप्टेंबर १९४८मध्ये. बालाघाटच्या रांगांतला हा तालुका. कुठे मुरमाड माळ, कुठे काळी जमीन. एकाच शेतात फाळ कधी मऊ मातीत, कधी दगडावर. औजाराची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा नाही.

नांगर ओढायला इथे दणकट बैल आहेत. शेजारच्या कंधारचा लाल कंधारी आणि लातूरकडचा देवणी, या दोन्ही गोवंशांचे बैल ओढकामासाठी ओळखले जातात. हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे आजही येतात. पण नांगरट आता बहुतेक ट्रॅक्टरवर गेली. लोहाराच्या भात्याची जागा वेल्डिंगच्या दुकानाने घेतली. फाळाच्या टोकावर कठीण धातूचा थर चढवून देणारा कारागीर म्हणजे आजचा लोहारच.

बदलले ते एवढेच की बलुते गेले आणि त्याच्या जागी छापील शब्द आला : वॉरंटी.

‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचे आयुष्य?

हाताच्या औजारांवर आजीवन हमी देण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. सिअर्स या दुकानसाखळीने १९२७मध्ये क्राफ्ट्समन हा औजारांचा ब्रँड आणला आणि तुटलेला पाना आणा, नवा घेऊन जा, या हमीवर तो गाजला. दुकान गावात होते आणि बिलाचा आग्रह नव्हता, म्हणून ती हमी लोकांना खरी वाटली.

आज मात्र हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वापरला जातो. कधी त्याचा अर्थ घेणाऱ्याचे आयुष्य, कधी औजाराचे अपेक्षित आयुष्य, कधी कंपनी ते मॉडेल बनवते तोपर्यंतचा काळ. बहुतेक ठिकाणी तो फक्त पहिल्या खरेदीदारापुरता असतो. म्हणजे वडिलांचा पाना मुलाला मिळाला तर पाना राहतो, वॉरंटी जाते.

दुसरी मर्यादा झिजेची. वॉरंटी साधारणपणे बनावटीतल्या दोषाला असते, वापराने होणाऱ्या झिजेला नसते. पक्कडीची धार, स्क्रू ड्रायव्हरचे टोक, नांगराचा फाळ हे झिजणारच. तिसरी मर्यादा गैरवापराची. पान्याला पाइप लावला की दांड्याची लांबी वाढते आणि त्याच प्रमाणात पान्यावर येणारा पीळ वाढतो. दांडा दुप्पट लांब केला तर तेवढ्याच जोरात दुप्पट पीळ. पाना त्यासाठी बनवलेला नसतो. रॅचेटच्या आतले बारीक दाते तर आधी जातात. आमचा रॅचेट तुटला त्यात आमचाही वाटा होता, हे मान्य करायला हवे. घट्ट बोल्ट रॅचेटने नव्हे, लांब दांड्याच्या साध्या पान्याने सैल करायचा आणि मग रॅचेट लावायचा, हे इंजिनीअरिंगच्या कार्यशाळेत शिकवलेले असते. घाईत विसरले जाते.

घेताना काय पाहावे?

• झिजणारा भाग वेगळा मिळतो का? रॅचेटचा आतला संच, करवतीचे पाते, नांगराचे टोक हे सुटे मिळत असेल तर औजार खऱ्या अर्थाने टिकते. मुखेडमध्ये नाही तर निदान नांदेड किंवा लातूरमध्ये मिळते का, हे विचारा.

• बदली कुठून मिळते? दुकानातून की कुरिअरने? जाण्या-येण्याचा खर्च कोणाचा? दोनशे रुपयांच्या पान्याला दीडशे रुपये कुरिअर लागत असेल तर ती वॉरंटी कागदावरच राहते.

• बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. थर्मल कागद उन्हाने आणि हाताळण्याने पुसट होतो.

• अटींचे पान वाचा. पहिला खरेदीदार, झीज, गैरवापर आणि व्यावसायिक वापर हे चार मुद्दे शोधा.

तक्रार कुठे करायची?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींबद्दल तक्रार करता येते. शेतकऱ्यासाठी एक मुद्दा महत्त्वाचा : स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः वापरण्यासाठी घेतलेले औजार व्यावसायिक वापर धरले जात नाही. त्यामुळे तोही ग्राहकच ठरतो.

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी कुठलीही असो, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुखेडच्या माणसाला नांदेडमध्ये. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचे शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

याशिवाय केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे राइट टू रिपेअरसाठी, पोर्टल सुरू केले. त्यात सुरुवातीला निवडलेल्या चार क्षेत्रांमध्ये शेतीची औजारे आहेत. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि सेवा केंद्रे कंपन्यांनी ग्राहकाला उपलब्ध करून द्यावीत, हा त्यामागचा विचार. लाकडी नांगराच्या मालकाला जे आपोआप मिळत होते, ते मिळवण्यासाठी आता सरकारी पोर्टल लागते, एवढा हा प्रवास आहे.

मग लक्ष्मणरावांकडून काय घ्यायचे?

लक्ष्मणरावांची गोष्ट बहुधा अंधश्रद्धेवर मात करणाऱ्या उद्योजकाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण दोन वर्षे नांगर न घेणारा शेतकरीही त्या गोष्टीत आहे आणि तो केवळ अडाणी नव्हता. नवे औजार घेताना जुनी हमी सोडायची का, याचा तो हिशेब करत होता. नांगर खपू लागला तो शेतकऱ्याची समजूत बदलल्यामुळे, तसाच तो बनवणारा कारखाना जागा गेली, युद्ध आले, कोळसा आटला तरी चालू राहिल्यामुळेही.

यंदाही मृगाआधी मुखेडच्या दुकानात कोणीतरी नवा फाळ, नवा पाना हातात घेऊन उलटसुलट पाहील. खोक्यावर काय छापले आहे, हे त्याने वाचावेच. त्याबरोबर दुकानदाराला एक साधा प्रश्न विचारावा : पेरणीच्या दिवशी हा मोडला, तर याचा सुटा भाग त्या दिवशी कुठे मिळेल? उत्तरात गावाचे किंवा दुकानाचे नाव आले, तर औजार घ्यायला हरकत नाही.